कनकेच्या चिठ्ठ्या

किन्हीराजा
३ मे २०२५

दीपे,

मी वर्षाराणी. केनवडच्या शाळेत तुह्या बाकावर बसे अन् तुह्या डब्यातला ठेचा खाये, थे. पत्र पाहून घाबरू नको, घरी सगळे बरे हायेत. मीच बरी नाई.

फोन काहून नाई केला म्हनशीन. फोन घरात एकच, तो माह्या पोरीच्या, निकिताच्या बाबाच्या खिशात राह्यते. मी कोनाले लावला की सासूबाई स्पीकर लावाले लावते. तिले कमी ऐकू येते म्हने. कोनी कुजबुजलं तं मातर बराबर ऐकू येते. म्हनून हे पत्र रतनसिंगच्या जीपमंधी देऊन राह्यली. थो रोजच शेलूबाजारले येते अन् तुहा इंग्लिशचा क्लास त्याले मालूम हाय.

निकिताले मालेगावच्या इंग्लिश शाळेत पहिलीत टाकाचं हाय. दोन जूनले मायले घेऊन बोलावलं. काल शेजारची धुरपताबाई सांगे, तथी परीक्षा लेकराची नसते व, मायची राह्यते! मॅडम दोन वस्तू टेबलावर ठुते अन् इंग्रजीत इचारते, यातलं मोठं कोनतं, लहान कोनतं. मायले सांगता नाई आलं तं लेकरू वापस. धुरपताबाईच्या नातवाचंही तथीच हाय, पन तिची सून बारावी शिकेल हाय. मी आठवीत शाळा सोडेल.

तवापासून डोक्यात एकच इचार. माह्यापाई पोरीचं नुकसान झालं तं? आज भाकर थापता थापता रडू आलं. सासूबाई म्हने, कांदा चिरून राह्यली का? भाकरीत कांदा कुठून येईन व?

मले काही सगळं इंग्रजी नको. "यापेक्षा थे मोठं" एवढंच शिकव. घरात कोनाले सांगू नको, हासतीन.

तुही,
वर्षाराणी


शेलूबाजार
७ मे

वर्षे, जय भीम!

पत्र भेटलं. रतनसिंगनं दिलं, अन् त्याच्यात काय लिहिलं हाय थे पण सांगितलं. पुढच्या बारीनं पाकीट चिकटवत जाय.

तू काळजी करू नको. माह्या क्लासात उन्हाळ्याचे तीन पोट्टे हायेत, त्यातला एक झोपते. तुह्यासाठी वेळच वेळ हाय.

आता धडा. शब्द लहान असला तं त्याच्या मागं "अर" लावाचा. बिग म्हणजे मोठा, बिगर म्हणजे त्यापेक्षा मोठा. टॉल म्हणजे उंच, टॉलर. लाँग, लाँगर. शेळीच्या मागं करडू चालते तसं. अन् कोणापेक्षा थे सांगाले "दॅन" म्हणाचं. "बफेलो इज बिगर दॅन गोट." म्हैस शेळीपेक्षा मोठी. झालं, आलं तुले इंग्रजी.

पाठ करू नको. पाठ केलेलं मॅडमसमोर उडून जाते, तुहे पाढे उडत तसे. त्यापेक्षा घरात ज्या दोन दोन वस्तू हायेत त्याईले चिठ्ठ्या चिकटव. एकीवर बिग, दुसरीवर बिगर. जाता-येता दिसली की तोंडानं म्हणाचं. इंग्रजी अक्षरं खाली काढून देली हायेत, पाहून पाहून काढ.

त्या शाळेत फोन करून इचारतो, नेमकं काय काय इचारतात थे.

धम्मदीपा


किन्हीराजा
१२ मे

दीपे,

या बारीनं पाकिटाले भाताची शितं लावली. तरी रतनसिंग म्हने, अभ्यास कुठवर आला वहिनी?

चिठ्ठ्या केल्या. पेन नोता, निकिताचा लाल स्केचपेन घेतला. गोंदही नोता, मंग कनकेच्या लहान लहान गोळ्या करून त्याईनं चिकटवल्या. सासूबाईच्या नजरेत पडू नाई म्हनून लपवून लपवून लावल्या. गव्हाच्या दोन कोठ्या हायेत, त्याईच्या झाकनाच्या आतून. म्हशीच्या शिंगामांगं एक, तिच्या लहान्या वगारीच्या एक. दोन निंबं होते, एक लहान अन् एक त्याहून लहान, त्याईलेही लावल्या अन् माह्या खाटीखाली ठुले. रोज झाडू मारता मारता वाकून म्हनतो, स्मॉल, स्मॉलर.

म्हशीले बिगर म्हनलं तं तिनं मान हालवली. पह्यल्यांदा माह्या इंग्रजीले कोनी हो म्हनलं.

आता इचारतो. सासूबाईच्या जिभेले लाँगर म्हनलं तं चालते का? चिठ्ठी नाई लावली, फकस्त इचारून राह्यली.

अन् माहं भेव म्हशीपेक्षा मोठं हाय, थे इंग्रजीत कसं म्हनाव? रातच्याले नाई, दिवसाढवळ्या भेव वाटते. निकिता इचारते, मम्मी तू पास होशीन न? मी म्हनलं, होईन न बापा. अन् चुलीतला धूर डोळ्यात गेला असं दाखोलं. दीपे, आमी गॅसवर सैपाक करतो.

तू शाळेत फोन केला का?

वर्षाराणी


शेलूबाजार
१५ मे

वर्षे,

"माय फिअर इज बिगर दॅन माय बफेलो." एकदम बरोबर हाय. लिहून ठेव, कधी लहान झालं तं सांगजो.

जिभेले लाँगर चालते. पण कोणापेक्षा थे सांगा लागते. दॅनच्या पुढं कोणीतरी पाहिजेच. नुसतंच लाँगर, बिगर म्हणून थांबली तं थे एकटीनं फुगडी खेळल्यासारखं होते.

आता दोन गोष्टी अजून. शब्द लांब असला तं मागं "अर" लावाचा नाई, पुढं "मोर" जुपाचा. ब्युटिफुल, मोर ब्युटिफुल. लांब ट्रॉलीले पुढूनच ट्रॅक्टर लागते.

अन् "गुड" म्हणजे चांगलं. थे मातर गुडर होत नाई. ती पोरगी सासरी गेली अन् तिचं नावच बदललं, बेटर झालं. बॅडचंही तसंच, थे वर्स झालं. काहून ते इचारू नको. सासरच्याईले कोणी इचारते का?

फोन केला. मॅडमशी बोलणं झालं. तू तयारी चांगली कर, एवढंच सांगतो.

धम्मदीपा

ता.क. कणकेनं चिकटवलं म्हणते, मुंग्या नाई लागल्या का?


किन्हीराजा
१९ मे

दीपे व, माय!

मुंग्या लागल्या असत्या तं बरं झालं असतं.

शनिवारी आमच्या वट्यावर कुरड्या होत्या. धुरपताबाई सोऱ्या घेऊन आलती. आता सासूबाईचं अन् तिचं तुले सांगतो. चाळीस वर्षं झाले, एकाच साली लगीन होऊन दोघी या गल्लीत आल्या. तवापासून कोनाची कुरडई पांढरी याचा निकाल लागून राह्यला. एकमेकीबिगर कुरडई घालत नाई अन् घालून झाली की बोलत नाई. शनिवारी धुरपताबाई जाता जाता म्हने, रंगू, तुहा चीक यंदा पिवळाच दिसते व.

रईवारी सासूबाईनं गहू काहाडाले कोठी उघडली. झाकनाले आतून कनकेची गोळी, त्याच्यावर कागद, त्याच्यावर लाल लाल अक्षरं. तिनं जे बोंब मारली, बस स्टँडवरचे लोक आले. करनी! कोनं तरी करनी केली! मंग घर धुंडाळलं. दुसऱ्या कोठीत भेटली. म्हशीच्या शिंगामांगं भेटली. अन् माह्या खाटीखाली लाल लिवलेले दोन निंबं! सासूबाई मटकन खाली बसली. म्हने, काल घरात कोन आलतं? धुरपता आलती!

मी बोलाची होती. खरंच व. तोंड उघडलं, पन तोंडातून "स्मॉलर" आलं. सासूबाई म्हने, पाहा, सुनेची वाचाही बदलली!

मंग मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या माह्यावरून ओवाळल्या अन् सगळ्या चिठ्ठ्या आंगनात जाळल्या. माहा आठ-दहा दिवसाचा अभ्यास मिरच्याईसंगं जळून गेला. सगळी गल्ली खोकली. म्हशीवरूनही ओवाळलं. म्हशीनं मातर या बारीनं मान हालवली नाई, मले पाह्यत राह्यली. तिले सगळं मालूम हाय.

मंग सासूबाई धुरपताबाईच्या दारात गेली. काय काय बोलली थे पत्रात लिवता येत नाई, रतनसिंग वाचते. धुरपताबाई रडली व. मोठ्यानं नाई, पदर लावून. म्हने, रंगू, चाळीस वर्षं तुह्या कुरडईले नावं ठुली, पन तुहं वाईट नाई चिंतलं.

दीपे, मी दाराआड उभी होती. मले बोलताच नाई आलं. आता काय करू?

वर्षाराणी


शेलूबाजार
२१ मे

वर्षे,

पयलं म्हणजे करणी-बिरणी काही नसते. दुसरं म्हणजे लाल स्केचपेन, कणीक अन् निंबू हे तिन्ही एकत्र आणाले तुले कोणं सांगितलं होतं? मी चिठ्ठी लाव म्हटलं, तू अमावस्या मांडली.

तिसरं, हे पत्र वाचून झालं की उठ अन् सासूले सांग. उद्या नाई, आजच. तुह्या भेवापाई एक बाई दारात रडली. मॅडमसमोर तोंड उघडाचं म्हणते न तू? मंग घरी उघडून पाहा. हाच धडा हाय या आठवड्याचा.

धम्मदीपा

ता.क. रतनसिंग म्हणे, वहिनीले म्हणा मीही येतो समजवाले. मी म्हटलं, तू जीप चालव.


किन्हीराजा
२५ मे

दीपे,

सांगतलं.

सासूबाई गहू निवडाले बसली होती. मी तिच्यासमोर बसली अन् एका दमात बोलली. चिठ्ठ्या माह्या, निंबं माहे, इंग्रजी माहं, मालेगावची परीक्षा माही, शिकवनारी दीपा. तिनं सूप खाली ठुलं. मले वाटलं आता सुपानंच मारते.

तिनं इचारलं, जे जाळलं थे इंग्रजी होतं?

मी म्हनलं, हो.

म्हने, मंग मिरच्या काहून फुकट घालवू देल्या व? वीस रुपयाच्या होत्या!

मंग म्हने, त्या इंग्रजीत काय लिवलं होतं? मी सांगतलं, यापेक्षा थे मोठं, त्यापेक्षा हे चांगलं, असं. तं तिचे डोळेच चमकले. सरकून जवळ आली. म्हने, मंग "धुरपतापेक्षा मी चांगली" हे कसं म्हनतात?

मी सांगून बसली, दीपे! "आय ॲम बेटर दॅन धुरपता." तवापासून सकाळी आंगन झाडताना, म्हशीले पानी पाजताना, धुरपताबाईच्या भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हनते. मी आठ दिवसात जे शिकली थे तिनं एका चहात शिकलं.

पन माफी मागाले जात नाई. म्हने, करनी नाई तं नाई, पन पिवळा म्हनली न थे? शेवटी मीच गेली धुरपताबाईकडं. पाय धरले. तिनं मले उठोलं, पन सासूबाईबद्दल म्हने, रंगूनं सोता याव, सुनेले धाडू नाई.

अन् ऐक, दोन जूनले दोघीही मालेगावले येतो म्हनतात. एक निकितासाठी, एक नातवासाठी. एकाच जीपमंधी. परीक्षेच्या भेवात आता हे भेव मिळालं. बफेलोही लहान पडून राह्यली.

वर्षाराणी


किन्हीराजा
३ जून

दीपे,

बस खाली. पानी पी. मंग वाच.

काल जीपमंधी सासूबाई पुढं, धुरपताबाई मांगं, मंधात मी अन् लेकरं. मालेगाव येईलोक दोघी दोन बाजूनं बाहेर पाह्यत राह्यल्या. धुरपताबाईची सून आजारी म्हनून आली नोती. शाळेत दोघी बुढ्या ऑफिसाच्या बाहेर एका बाकावर बसल्या, मंधात दोन मानसाईची जागा सोडून.

निकिताचं नाव पुकारलं. मी आत गेली. सासूबाई इचारल्याशिवाय मांगून आली अन् मांगच्या बाकावर बसली. मॅडम चांगली दिसे. टेबलावर एक मोठी वही अन् एक लहान वही. मी म्हनलं, आली दोन वस्तू. आली परीक्षा. मॅडमनं तोंड उघडाच्या आधीच माही जीभ टाळूले चिकटली. कनकेनं चिकटवल्यासारखी.

मॅडम म्हने, बोला ताई.

मले बोलताच नाई ये. निकिता माहा पदर वढे. मॅडम माह्याकडं, मी वह्याईकडं. मले दिसे, लेकरू माह्या हातातून चाललं. अन् मांगून सासूबाई खाड्कन उभी राह्यली अन् शाळेत सगळ्याईले ऐकू जाईन असं वरडली,

"आय ॲम बेटर दॅन धुरपता!"

अन् दारातून दुसरा आवाज आला,

"नो! आय ॲम बेटर दॅन रंगू!"

दीपे, धुरपताबाई! सासूबाई रोज भिंतीकडं तोंड करून वरडे न, तिनं भिंतीआडून तेच उचललं, अन् फकस्त नाव बदललं! आता घुसली आत पदर खोचून. सासूबाई म्हने, काय व, माहं इंग्रजी चोरते? थे म्हने, इंग्रजी का तुह्या बापाचं हाय? सासूबाई म्हने, कुरडई पिवळी म्हनली! थे म्हने, अन् तू मले चेटकीन म्हनली! शिपाई धावत आला अन् तसाच वापस गेला.

तवा मले काय झालं मालूम नाई. टेबलावर जे थाप मारली, दोन्ही वह्या उडाल्या. अन् बोलत सुटली.

"मदर-इन-लॉ इज लाऊड! काकू इज लाऊडर! काकू इज ओल्ड, मदर-इन-लॉ इज ओल्डर! काकूज कुरडई इज व्हाइटर! मदर-इन-लॉज कुरडई इज लाँगर! बोथ कुरडई गुड! बोथ बाई बॅड! बफेलो इज बेटर दॅन बोथ! मॅडम इज मोर ब्युटिफुल दॅन ऑल! सिट डाऊन!"

दोघी त्या मांगच्या बाकावर बसल्या, तथीही मंधात जागा सोडून. मॅडमही बसली, थे तं उभीही नोती.

मंग सासूबाईनं धुरपताबाईले हळूच इचारलं, काय म्हनली व थे? धुरपताबाई म्हने, समजलं नाई, पन आपल्या दोघीईलेच म्हनली. मंग सासूबाई म्हने, धुरपते, तुही कुरडई पांढरी हाय असं म्हनली असन. अन् मंग लय बारीक आवाजात, खरीच हाय व. मी उगाच बोलली तुले त्या दिवशी.

धुरपताबाई तिच्याजवळ सरकून बसली. मंधातल्या दोन मानसाईची जागा संपली.

मी मॅडमकडं पाह्यलं. म्हनलं, मॅडम, पास हाय का नापास, सांगून टाका.

मॅडमनं चष्मा पुसला. हासू दाबून राह्यली होती. म्हने, ताई, कशात? मले फक्त निकिताच्या जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स पाह्यजे होती.

झेरॉक्स, दीपे!

अन् थे तं घरी राह्यली. चिठ्ठ्याईच्या नादात फडताळातच राह्यली. म्हने, पाच तारखेलोक आना, जागा निकितासाठीच ठुली हाय. मायची परीक्षा काही नसते, कोनं सांगतलं? मी धुरपताबाईकडं पाह्यलं. थे पंख्याकडं पाह्ये. म्हने, बजारात एक बाई सांगत होती बाप्पा.

आता तू सांग. तू शाळेत फोन केलता न? मॅडमशी बोलनं झालं म्हनली होती न?

वर्षाराणी


शेलूबाजार
४ जून

वर्षे,

केला होता. आठ मेलेच केला. परीक्षा-बिरीक्षा काही नाई, असं मॅडमनं पह्यल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी लपवलं.

आठवीत तू शाळा सोडली तवा मी तुह्या घरी आलती. तू गौऱ्या थापत होती. म्हणली, मले काही येत नाई, माहं काही अडत नाई, जाय तू. त्या गोष्टीले बारा वर्षं झाले. बारा वर्षांनं तुहं पत्र आलं, अन् त्याच्यात "शिकव" असं लिहिलं होतं. परीक्षा नाई असं सांगितलं असतं तं त्याच दिवशी तू पेनाले टोपण लावलं असतं. तुले मी वळखतो.

महिनाभर तुले भेवात ठेवलं, थे माहं चुकलं. शिव्या द्याच्या असल्या तं दे. पाकीट चिकटवू नको, रतनसिंगलेही ऐकू दे.

धम्मदीपा


किन्हीराजा
६ जून

दीपे,

शिव्या तोंडीच देईन. लिवाले कागद पुरत नाई.

मी महिनाभर भेवात होती अन् तू तथी बसून "तयारी चांगली कर" लिवत होती! काल दिवसभर तुह्यावर राग होता. म्हशीजवळ जाऊन सगळं बोलली. बोलता बोलता ध्यानात आलं, मी तिच्याशी अर्धं इंग्रजीत बोलून राह्यली. मंग तुह्यावरचा राग कमी झाला. संपला नाई. स्मॉलर झाला.

अन् तुह्या पापाची शिक्षा मी नाई, सासूबाई देनार. दोघी बुढ्या आता रोज एका वट्यावर बसतात. एक म्हनते मी बेटर, दुसरी म्हनते मी बेटर, अन् असं फिटमफाट होऊन राह्यलं. कोनं तरी त्याईले सांगतलं का "सगळ्या गावात चांगली" असंही इंग्रजीत म्हनता येते. कोनं सांगतलं असन? रतनसिंग! आता सासूबाई म्हने, त्या पोरीले बोलाव, थे शिकल्याशिवाय मरत नाई मी. तू रईवारी ये. कुरड्या तळून ठुतो, दोघीईच्याही. पन कोनाची चांगली थे तोंडातून काढू नको, मराठीतही नाई अन् इंग्रजीतही नाई.

अन् एक सांगाचं राह्यलं. काल मी एकटीच मालेगावले गेली, झेरॉक्स द्याले. निकिताचे बाबा म्हनत होते मी देतो. मी म्हनलं, नाई, मी जातो. ऑफिसात मॅडम एकटी होती. मले पाह्यल्याबरोबर हासली. कागद घेतला, शिक्का मारला, निकिताचं नाव लिवलं. मंग म्हने, हाऊ आर यू टुडे?

मी म्हनलं, "बेटर."

तू म्हनशीन दॅन कुठी गेला, दॅनच्या पुढं कोनीतरी पाह्यजे. होतं व दीपे. पन थे माहं मले मालूम, मॅडमले कायले सांगू.

रईवारी येजो. ठेचा आनजो.

वर्षाराणी